नवशाच्या हातावरचा नंबर

कल्याण नाक्याजवळच्या त्या फोन कंपनीच्या दुकानात नवं सिम घ्यायला आलेल्याला गार हवा, गादीची खुर्ची आणि वर एक हसरा चेहरा मिळायचा. तक्रार घेऊन आलेल्याला मिळायची दिपाली. तिचं टेबल अगदी आत, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांशेजारी, जिथं एसीची हवा पोचेपर्यंत दमून जायची. तक्रारी दर्शनी भागात मांडायला कुठल्या कंपनीला आवडतं? दिपाली त्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं बसून होती आणि तिची एक पक्की समजूत होती. माणसाचं नीट ऐकून घेतलं आणि त्याचं गाऱ्हाणं जिद्दीनं वर ढकलत राहिलं, तर उशिरा का होईना, न्याय मिळतो. या समजुतीपायी ती वरच्यांच्या डोळ्यांत खुपायची, आणि तिला त्याचं फारसं काही वाटायचं नाही.

त्या आठवड्यात तिच्याकडे वडप्याच्या गोडाऊनमधल्या बायका येत होत्या. फोन मुका झालाय, सिम चालत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. दिपाली नंबर टाकून बघायची, तर तो जुन्या कंपनीतून उठून तिच्याच कंपनीत येऊन बसलेला. बाईला विचारावं, तर तिला गंधवार्ता नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता यावी, ही सोय खरं तर गिऱ्हाइकासाठी झाली. पण कुठलीही सोय झाली की तिच्यावर टपून बसणारे आलेच. जुन्या कंपनीला गिऱ्हाइकाच्या फोनवरून एक निरोप पाठवायचा, मग एक कोड येतो. तो कोड, अंगठा आणि फोटो एवढं हाती आलं की नंबर इकडचा तिकडे. एजंटाला कमिशन मिळतं, कंपनीचा आकडा फुगतो, आणि ज्याचा नंबर त्याला काही कळतही नाही.

एका सकाळी, शटर नुकतंच वर गेलेलं असताना, खारबावच्या दोघी आल्या. पुढे कमळ, तिशी ओलांडलेली, चपलांवर आणि सलवारीच्या कडांवर रस्त्याची धूळ. मागे तिची आई ठमाबाई, कोपरापासून मनगटापर्यंत हिरवं गोंदण असलेली म्हातारी. कमळनं दिपालीच्या टेबलावर फोन ठेवला, तोही दोन्ही हातांनी.

"माजा फोन चालू करून द्या," ती म्हणाली. "आत्ता द्या."

"ताई, आधी बसा तरी."

"बसले तर परत उठवणार न्हाय माज्याच्यानं. दोन रात्री उभीच हाय मी."

दिपालीनं नंबर टाकला. पडद्यावर कमळचा फोटो आला. डोक्याला ओढणी, कपाळावर घाम, नजर सरळ समोर. खाली लिहिलेलं होतं की ग्राहकानं स्वखुशीनं आमच्या कंपनीची निवड केली आहे. दिपालीनं पडदा वळवून कमळला दाखवला.

"हा फोटो कुठं काढला?"

कमळनं वाकून बघितलं. "गोडाऊनच्या गेटवर. नवीन पास करायचा हाय बोलले."

मग सगळं बाहेर आलं. गोडाऊनमध्ये फोन आत न्यायला बंदी. सकाळी गेटवर वॉचमनकडे फोन जमा करायचा, यंत्रावर अंगठा द्यायचा आणि आत जायचं. संध्याकाळी सुटताना पुन्हा अंगठा. अंगठा राहिला तर त्या दिवसाची हजेरी गेली, मग दिवसभर कितीही खोकी उचललेली असोत. त्यामुळे वडप्याच्या बायका दुसरं काही विसरतील, पण यंत्र दिसलं की अंगठा ठेवायला विसरायच्या नाहीत. मागच्या आठवड्यात गेटवर एका यंत्राच्या शेजारी दुसरं यंत्र आलं. टेबल मांडून एक तरुण बसलेला, अंगात फोन कंपनीचा शर्ट. वॉचमन रघूला त्यानं सांगितलं की शेठशी बोलणं झालंय, सगळ्यांच्या फोनचं नेटवर्क तपासायचं आहे. रघूनं जमा झालेले फोन त्याच्यापुढे ठेवले. संध्याकाळी बायका सुटल्या आणि दोन यंत्रं बघून दोन्हींवर अंगठा देत बाहेर पडल्या. एकीनंही विचारलं नाही, आणि त्यांना कुठल्या तोंडानं नावं ठेवायची? ज्या यंत्रावर रोजची भाकरी अवलंबून, त्याला कोण प्रश्न विचारतं.

"फोन बंद पडला तेव्हा लगेच का नाही आलात?" दिपालीनं विचारलं.

"सगळ्यांचेच बंद पडले, ताई. एकटीचा गेला असता तर आले असते धावत. सगळ्यांचा गेला मंजी टावर गेला, असंच वाटलं. दोन दिवसांत येईल बोलले." कमळ थांबली. "आन त्यातच नवशा गेला."

नवशा तिचा धाकटा भाऊ. नवसानं झालेला, म्हणून नवशा. त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, आणि एक वेड सोडलं तर त्याचा कुणाला कधी त्रास नाही. त्याला गाडीत बसायला आवडतं. टेम्पो असो, ट्रक असो, दार उघडं दिसलं की हा ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसणार आणि समोरच्या काचेतून रस्ता बघत राहणार. ड्रायव्हरला वाटतं क्लीनरच्या ओळखीचा असेल, क्लीनरला वाटतं ड्रायव्हरच्या. गाडी पडघ्याच्या पुढे गेल्यावर लक्षात यायचं की हा कुणाचाच नाही.

पहिल्यांदा तो असा हरवला तेव्हा ठमाबाई अन्नपाणी सोडून बसली होती. सापडल्यावर ती त्याला वज्रेश्वरीच्या जत्रेला घेऊन गेली आणि मशीन घेऊन बसलेल्या गोंदणाऱ्यापुढे त्याचा उजवा हात धरला. तिला स्वतःला आकडा वाचता येत नव्हता. पण गोंदलेलं मरेपर्यंत जात नाही, हे तिला स्वतःच्या हातावरून ठाऊक होतं. कमळनं आपला नंबर सांगितला, इंग्रजी आकड्यांत, म्हणजे कुठल्याही मुलखाच्या ड्रायव्हरला वाचता यावा. त्या दिवसापासून नवशा कितीही लांब गेला तरी कमळचा फोन वाजायचा. 'आपका आदमी हमारी गाडी में बैठा है.' कमळ सांगायची, उतरवू नका, बसवून ठेवा, मी निघाले. म्हणूनच तर रघू तिचा फोन इतरांच्या ढिगात टाकायचा नाही, स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि वाजला की तिला आतून हाक मारायचा. त्या दिवशी मात्र त्यानं तोही खिशातून काढून त्या तरुणापुढे ठेवला होता. कमळचं लग्नाचं वय भावाच्या मागं धावण्यातच निघून गेलं, आणि त्याबद्दल तिच्या तोंडून कुणी ब्र ऐकला नव्हता.

"पोलिसांत सांगितलंत?"

"सांगितलं. त्यांनी लिवून घेतलं, फोटो घेतला. बोलले, फोन चालू ठेवा, हातावर नंबर हाय तर कुणीतरी लावलच." कमळनं मुका फोन दिपालीकडे सरकवला. "आता सांगा, कसा चालू ठेवू?"

दिपाली उठली आणि काचेच्या केबिनमध्ये मॅनेजरकडे गेली. भावेश वाईट माणूस नव्हता. महिन्याचा आकडा डोक्यावर घेऊन फिरणारा माणूस होता, आणि अशा माणसाला दुसरं काही दिसत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"डुप्लिकेट सिम दे तिला, लगेच चालू होईल," तो म्हणाला. "पण मग फसवणुकीची तक्रार लिहू नकोस. स्वतः दुकानात येऊन, अंगठा देऊन आपलं सिम घेतलं म्हणजे संमती झाली. चौकशीत टिकणार नाही ती तक्रार."

"आणि सिम नाही दिलं तर?"

"तर तक्रार लिही. चौकशी होईल, नंबर परत जाईल. वेळ लागेल. पण दोन्ही नाही होणार, दिपाली."

ती टेबलाशी आली आणि तिनं कमळला काही न लपवता सांगितलं. सिम घेतलंत तर उद्या कंपनी म्हणेल की तुम्ही राजीखुशीनं आलात. ज्यानं फसवलं तो सुटेल.

"सुटू दे," कमळ म्हणाली.

"ताई, विचार करा. तुमच्याबरोबर बाकीच्या बायकांचंही..."

"विचार करायला मला भाऊ घरी पायजे." तिनं ओढणीला अंगठा पुसला. "कुटं ठेवायचा, सांगा."

यंत्र त्याच जातीचं होतं, लाल दिवा लागणारं. कमळ क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिनं अंगठा ठेवला. यंत्रानं घेतला नाही. पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. पुठ्ठ्याची खोकी उचलून आणि चिकटपट्ट्या ओढून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्या होत्या. ठमाबाईनं लेकीचा हात आपल्या हातात घेतला, अंगठ्यावर तोंडाची वाफ सोडली आणि तिनंच तो यंत्रावर दाबून धरला. या खेपेला दिवा हिरवा झाला.

"त्या दिवशी गेटवर बरा एका दमात घेतला," कमळ म्हणाली.

सिम चालू व्हायला थोडा अवधी होता. ठमाबाई बाटल्यांच्या खोक्यावर टेकली. कमळ उभीच. तेवढ्यात दाराशी पोटावर बॅग अडकवलेला एक तरुण आला आणि सवयीनं काउंटरकडे वळला. तो कुमार, वितरकाकडे कामाला असलेला पोरगा, रोज नवी सिम न्यायला यायचा. कमळनं त्याला बघितलं.

"ह्योच तो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

दिपालीनं कुमारला टेबलाशी बोलावलं. आधी तो काही कबूल करेना. दिपाली म्हणाली, चौकशी पुढं काय व्हायची ती होईल, मला आत्ता फक्त या बाईंचं सिम कुठं आहे ते सांग. त्यानं बॅगेतून रबर लावलेला सिमचा गठ्ठा काढला. प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर पेननं नाव. कमळचं त्यातच होतं.

"यांना दिलं का नाहीस?"

"दिलं तर कळतं ना, मॅडम. पहिले काही दिवस नंबर चालू दिसला, तरच कमिशन मिळतं. म्हणून आम्हीच एकेक कार्ड आमच्या फोनमध्ये टाकतो, एक-दोन कॉल करतो, मग दुसरं टाकतो. नंतर नेऊन देतो आम्ही. कधी कधी."

दिपालीनं विचारलं. "हे कार्ड तुझ्या फोनमध्ये होतं, तेव्हा कुणाचा फोन आला होता?"

कुमार आठवू लागला. "ढीगभर येतात मॅडम, सगळ्याच कार्डांवर. कुणाची आई, कुणाचा नवरा. आम्ही रॉंग नंबर बोलून कट करतो, तसंच सांगितलंय आम्हाला." मग त्याला आठवलं. "हां, या कार्डावर एक आला होता, परवा. कुणी ट्रकवाला. गाडीत एक वेडा बसलाय, त्याच्या हातावर हा नंबर आहे, असं काहीतरी बोलला. मी रॉंग नंबर बोललो. त्यानं परत लावला. परत तेच बोललो."

खोक्यावरून ठमाबाईचा आवाज आला.

"येडा न्हाय तो," ती म्हणाली. "त्याला बोलता येत न्हाय."

कुमारनं तिच्याकडे बघितलं, तिच्या गोंदलेल्या हाताकडे बघितलं. दिपालीनं मागायच्या आधीच त्यानं आपला फोन काढून ट्रकवाल्याचा नंबर शोधला, लावला, आणि फोन कमळच्या हातात दिला. दिपालीनं वाकून फोनचा आवाज मोठा केला.

"हां, बहन," पलीकडून ट्रकच्या घरघरीतून माणूस बोलत होता, "लगाया था हमने, दो बार लगाया. कोई आदमी बोला रॉन्ग नंबर है. हम समझे पुराना नंबर होगा. हमको तो नागपुर माल पहुँचाना था, कब तक घुमाते उसको? घोटी के आगे ढाबे पे रोटी खिलाई और वहीं बिठा दिया."

"भैया, आपने उसको छोडा क्यूँ?" कमळनं विचारलं.

"बहन, गलती हुई. लेकिन फोन उठाने वाले ने ही मना कर दिया, तो हम किसको देते?"

दोघी तिथूनच घोटीला निघाल्या. जाताना कमळच्या फोनवर टावरच्या दांड्या उगवल्या आणि कंपनीचा पहिला संदेश आला, की आमच्या परिवारात आपलं स्वागत आहे. दिपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपार कलल्यावर कमळचा फोन आला. ढाबा सापडला होता. ढाबेवाला भला होता, त्याला नवशा नीट आठवत होता. गप्प बसून होता, चहा दिला तो प्यायला. संध्याकाळी गाड्यांची गर्दी झाली, आणि मग बघतो तर खाट रिकामी. कुठल्या गाडीत बसला, गाडी कुठली होती, कुणी बघितलं नाही. त्या रस्त्यानं नाशिककडे गाड्या जातात, धुळ्याकडे जातात, तिथून पुढे इंदूर, आग्रा, कुठंही.

"कुणीतरी हात बघल ना, ताई?" कमळनं विचारलं. "आता तर लागतोय फोन."

"बघेल," दिपाली म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती ती?

फोन ठेवून तिनं तक्रार लिहायला घेतली. भावेश केबिनमधून बाहेर येऊन तिच्या मागे उभा राहिला. ती म्हणाली, सर, संमती कशाला म्हणायची ते वरच्यांनाच ठरवू दे, मी लिहिणार आहे. भावेश आत निघून गेला. तिला अडवायचं त्याच्याही जिवावर आलं असावं.

ती तक्रार दिपालीनं हाडाची काडं करून लढवली. मुंबईच्या ऑफिसातून नामंजूर होऊन आली, तिनं पुन्हा पाठवली. एकेका बाईला गाठून तिचं म्हणणं रेकॉर्ड केलं. रघूनं आपली चूक कबूल केली. सगळे अंगठे गोडाऊन सुटायच्या वेळेला, एकाच गेटवर पडलेत, हे तिनं दाखवून दिलं. आणि ज्याची तिला बिलकूल आशा नव्हती ते घडलं. चौकशीच्या साहेबांपुढे कुमार आपणहून उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं, ट्रकवाल्याच्या फोनसकट. त्याचं काम गेलं. नंतर एकदा तो दुकानासमोर दिसला, तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, सापडला का तो? दिपालीनं नकारार्थी मान हलवली. त्याची कीव करावी की त्याला फाडून खावं, तिला कळेना, म्हणून ती आत आली.

नवशा सापडला नव्हता. कमळ सुट्टीच्या दिवशी हायवेच्या ढाब्यांवर त्याचा फोटो लावत फिरायची. पोलिसांकडून दोनदा बेवारस प्रेताची ओळख पटवायला बोलावणं आलं, दोन्हीदा तो नव्हता. दर वेळी घरी येऊन ठमाबाई देवापुढे दिवा लावायची, तो नव्हता म्हणून. पुढे कमळनं गोडाऊन सोडलं. तिथं फोन गेटवर ठेवावा लागायचा, आणि रघूवरच काय, आता तिचा कुणावरच भरवसा नव्हता. ती खारबाव स्टेशनबाहेर भाजी विकायला बसू लागली. तिथं फोन कमरेच्या पिशवीत ठेवता यायचा.

पावसाळा सरून भातं कापणीला आली, तेव्हा निकाल लागला. वितरकाला काढलं, कंपनीनं चूक मान्य केली, आणि सगळ्या बायकांचे नंबर एक पैसा न घेता, माफी मागून, जुन्या कंपनीत परत जाणार असं ठरलं. भावेशनं पेढे मागवले, हे विशेष. एका बाजूला ठेवलेल्या तक्रारवालीच्या टेबलाशी येऊन माणसं हात मिळवून गेली. दिपालीचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांची समजूत खोटी ठरली नाही, असं तिला वाटलं. पहिला फोन तिनं कमळला लावला.

एक घंटा पुरती वाजायच्या आत तो उचलला गेला. "हॅलो? कोन बोलतंय?" आवाजात सगळा जीव गोळा झालेला.

"कमळताई, मी दिपाली."

"हां. ताई." तो जीव कुठंतरी खाली बसला, हे दिपालीला फोनमधूनही कळलं. तरी तिनं सगळं सांगितलं, निकाल, माफी, जुनी कंपनी. कमळ हूं हूं करत ऐकत होती. मागे कुणीतरी मेथीचा भाव विचारत होतं.

"तुमी लई केलंत आमच्यासाठी," ती म्हणाली. "मग आता मला काय करायचं?"

"काहीच नाही. फक्त हो म्हणायचं. जुन्या कंपनीचं सिम घरपोच येईल. नंबर तिकडे जाताना मध्ये थोडा वेळ फोन बंद राहील, तेवढंच."

"किती येळ?"

"काही तास. रात्रीच करतात ते, झोपेच्या वेळेला. तुम्हाला कळणारही नाही."

मेथीवाल्या गिऱ्हाइकाला कमळनं थांबायला सांगितलं.

"गाड्या रात्रीच चालतात, ताई," ती म्हणाली.

एवढी चौकशी झाली, एवढे साहेब झाले, आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, तिच्याही नाही.

"मी बोलून बघते वर. कमीत कमी वेळात करा म्हणते..."

"नको. ऱ्हाऊ दे हितंच. तो घरी येईस्तवर मला कुटं जायचं न्हाय." मग ती जरा घाईनं, पण तुटकपणा लागू न देता म्हणाली, "ठेवा आता, ताई. लाईन मोकळी पायजे."

दिपालीनं लगेच फोन ठेवला.